आधी कण काढा, मग वॅक्स लावा

इच्छापोर, पाल, अडाजण आणि थेट उधना-डिंडोलीहून रोज हजीऱ्याच्या बाजूला गाडीने ये-जा करणारे वाचक एकाच प्रकारचे प्रश्न विचारत असतात. "गाडी घेतानाच टेफ्लॉन करून घेतलं होतं, तरी वर्षाच्या आत पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके आले. पत्रा गंजला का?" "दर सर्व्हिसिंगला पॉलिश करून घेतो, मग वेगळं वॅक्स कशाला?" "सिरॅमिकवाले पाच वर्षांची वॉरंटी देतात, करून टाकू का?" प्रश्न वेगळे दिसले तरी घोळ एकच आहे. पॉलिश, वॅक्स, सीलंट, कोटिंग हे सगळे शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात आणि गिऱ्हाईक चकाकीचे पैसे देऊन संरक्षण मिळालं असं समजतं.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाने वर्षातून दोनदा, आधी रंग नीट साफ करून, साधं सीलंट लावावं. त्याने बहुतेकांचं काम भागतं. महागड्या बाटलीपेक्षा त्याआधीची सफाई आणि वेळेवर पुन्हा लावणं यांनीच रंग टिकतो.

निर्णयापुरतं तंत्र

आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे चारही थर मिळून कारखान्यातून येणारी जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आपल्याला दिसणारी चकाकी याच थराची असते आणि ऊन, खार, पक्ष्यांची विष्ठा हे सगळंही तोच सोसतो.

पॉलिश म्हणजे या थराला बारीक कणांनी घासणं. सुरतकरांना हे वेगळं समजवायला नको. घंटीवर हिऱ्याला पैलू पाडले की तेज वाढतं आणि वजन घटतं, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. गाडीचंही तसंच. ओरखडा नाहीसा होतो तो त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणल्यामुळे. घासलेला थर परत येत नाही. वॅक्स आणि सीलंट मात्र काही काढत नाहीत. ते वर एक अगदी पातळ, झिजणारा पडदा चढवतात. झिजायचं ते त्या पडद्याने झिजावं आणि क्लिअर कोट शाबूत राहावा, एवढाच त्यांचा उद्देश.

माझ्या पहिल्या गाडीला मी दर सहा महिन्यांनी सवलतीत मशीन पॉलिश करून घेत असे. तिसऱ्या वर्षी बॉनेटच्या कडेवरचा क्लिअर कोट उडाला आणि खालचा रंग खडूसारखा फिका दिसू लागला. कडांवर थर आधीच पातळ असतो, मशीन तिथे पटकन खोल जातं. तेव्हापासून माझा नियम आहे: पॉलिश गरज पडली तरच, आणि पूर्ण गाडीला तर काही वर्षांतून एकदाच.

इच्छापोरच्या हवेत वेगळं काय आहे

हजीरा पट्ट्यात पोलाद, खत, वायू, अवजड यंत्रं आणि बंदर एकमेकांना लागून आहेत. इच्छापोरवरून जाणारा रस्ता दिवसरात्र ट्रेलरने भरलेला असतो. जिथे लोखंड कापलं, घासलं, वेल्ड केलं आणि वाहून नेलं जातं, तिथल्या हवेत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. जड वाहनांच्या ब्रेकमधूनही तेच उडतात. हे कण क्लिअर कोटवर बसतात आणि हळूहळू आत रुततात. समुद्र जवळ, हवा दमट आणि खारी, त्यामुळे कण तिथल्या तिथे गंजतात. पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके म्हणजे हेच. तुमचा पत्रा गंजलेला नाही, त्याच्यावर बसलेला परका कण गंजला आहे. काळ्या किंवा करड्या गाडीवरही तो असतोच, फक्त दिसत नाही.

हे वेळेत ओळखलं तर इलाज सोपा आहे. दुर्लक्ष केलं तर कणाभोवतीचा क्लिअर कोट खराब होत जातो आणि पुढे पॉलिशशिवाय गत्यंतर राहत नाही. पण सर्वांत वाईट काय, तर हे कण न काढता वरून वॅक्स किंवा कोटिंग चढवणं. घाण आत कोंडली जाते, गंजणं चालूच राहतं आणि पडदाही नीट धरत नाही. "टेफ्लॉन केलं तरी ठिपके" या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच चूक असते.

बाकीचे त्रास थोडक्यात सांगतो. खाडी आणि समुद्राजवळच्या भागात बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं. त्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की पांढऱ्या कडांचे गोल डाग उरतात. एप्रिल-मेमध्ये बॉनेटवर हात टेकवत नाही, आणि त्या तापलेल्या रंगावर पडलेली विष्ठा तासाभरातही खूण सोडू शकते. पावसाळ्यात सुरत-धुळे रस्त्याने गावाकडे जाणाऱ्या खान्देशी कुटुंबांना नवापूर-कोंडाईबारीच्या पुढे रात्री बंपरवर किड्यांचा थर मिळतो, तो वेगळाच.

तुमच्यापुढचे पर्याय

- कार्नौबा वॅक्स: ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. चकाकी उबदार, खोल, गडद रंगांवर विशेष खुलणारी. पण हे मेण 82 ते 86 अंशांच्या आसपास वितळतं आणि डब्यात ते तेल व द्रावकात मिसळलेलं असतं. आपल्या उन्हात गडद गाडीवर महिना-दीड महिना टिकलं तरी पुष्कळ. हौस असेल तर जरूर लावा, संरक्षणाची सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.
- सिंथेटिक सीलंट: पॉलिमरचा पडदा. चकाकी थोडी काचेसारखी, टिकाऊपणा साधारण चार ते सहा महिने. उन्हाला, शॅम्पूला आणि खाऱ्या हवेला वॅक्सपेक्षा चांगलं तोंड देतो. स्वतःच्या हाताने लावता येतो, चुकला तर पुसून पुन्हा लावता येतो.
- स्प्रे वॅक्स किंवा स्प्रे सीलंट: धुतल्यावर फवारून पुसायचं. काही आठवडे टिकतं. मुख्य थराला मध्ये मध्ये आधार म्हणून उत्तम, एकट्याने अपुरं.
- सिरॅमिक कोटिंग: सिलिका-आधारित द्रव, सुकल्यावर कडक होतो आणि नीट लावला, नीट जपला तर एक-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालतो. खर्च बराच, कारण लावण्याआधी पॉलिशची मेहनत असते. जाहिरातीतला "9 एच" हा पेन्सिलने ओरखडून घेतलेल्या चाचणीतला आकडा आहे, दगडाचा मार झेलण्याचा दाखला तो नव्हे. क्षारांचे डाग सिरॅमिकवरही पडतात.
- पीपीएफ: पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड. उडणाऱ्या खडीपासून खरं संरक्षण देते ती हीच. पूर्ण गाडीला फार महाग पडते. ट्रेलरच्या मागे रोज गाडी चालवावी लागत असेल तर फक्त बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे एवढ्यांनाच लावून घ्यायचा विचार करा.

"टेफ्लॉन"बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शोरूममध्ये सर्वांत जास्त पैसे याच नावाखाली जातात. टेफ्लॉन ज्या पदार्थाचं व्यापारी नाव आहे, तो 327 अंशांच्या आसपास वितळतो. तव्यावर त्याचा थर पक्का करायला त्याहून जास्त तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. म्हणजे तव्यावर बसतो तसा थर गाडीवर बसणं शक्यच नाही. शोरूममध्ये "टेफ्लॉन" म्हणून लावतात ते बहुधा साधं सीलंट किंवा वॅक्सयुक्त पॉलिश असतं. ते अगदीच निरुपयोगी नसतं, पण त्याची किंमत सीलंटएवढीच द्यायला हवी.

माझा कौल: उघड्यावर उभी राहणारी, रोज चालणारी गाडी असेल तर सीलंट. गाडी नवी आहे, पाच-सात वर्षं ठेवायची आहे, झाकलेलं पार्किंग आहे आणि हाताने नीट धुण्याची तयारी आहे, तर सिरॅमिकचा विचार करायला हरकत नाही. रोज सकाळी कोणीतरी कोरड्या फडक्याने पुसणार असेल तर सिरॅमिकवर खर्च करू नका.

कधी लावायचं

वर्षातले दोन मुहूर्त धरा. पहिला मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी. दुसरा पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आधी. दसराच का, तर त्या दिवशी आपण गाडीची पूजा करतो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हळद, फुलांचा हार, नारळाचं पाणी. बाजारातल्या कुंकवात रंग काय वापरलेला असतो हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ओलं कुंकू पांढऱ्या गाडीवर दोन दिवस राहिलं तर गुलाबी छटा मागे ठेवतं. आधी सीलंट लावलेलं असेल तर ते सहज निघतं. पूजा मनोभावे करा, दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाण्याने गाडी धुवा. गणपती विसर्जनाचा गुलाल आणि धुळवडीचा रंग यांनाही हेच लागू.

दिवस निवडताना पावसाचा किंवा दव पडण्याचा दिवस टाळा. वेळ सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरची, जागा सावलीतली. पत्र्याला तळहात लावा; गार लागला पाहिजे.

कसं लावायचं

पहिल्यांदा करणाऱ्याला अर्धा दिवस लागतो. घाई असेल तर अर्धी गाडी आज, अर्धी पुढच्या रविवारी करा, पण पायऱ्या गाळू नका. सामान एवढं: दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, आयर्न रिमूव्हर, क्ले बार, पाच-सहा स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, फोमचा पॅड आणि सीलंट.

1. धुणं. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवा. एका बादलीत शॅम्पू, दुसऱ्या बादलीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग धुतला की साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत घाला. वरून खाली या. चाकांजवळची रेती सर्वांत शेवटी. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण नको. शक्य असेल तर बोअरऐवजी पालिकेचं पाणी वापरा. नाहीच जमलं तर एकेक भाग धुऊन तो वाळायच्या आत टिपून घ्या.

2. हाताने तपासणं. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून अलगद फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक खरखर कळते. गुळगुळीत लागलं तर पुढच्या दोन पायऱ्या तुम्हाला लागणार नाहीत. बारीक रव्यावरून हात फिरतो आहे असं वाटलं, तर लागतील. हजीऱ्याच्या वाटेवरच्या गाड्यांवर हा रवा हमखास सापडतो.

3. लोखंडाचे कण विरघळवणं. आयर्न रिमूव्हर गार, सावलीतल्या पत्र्यावर फवारा. लोखंड असेल तिथे थेंब जांभळे होऊन ओघळू लागतील. बाटलीवर दिलेली मिनिटं थांबा, सहसा तीन ते पाच. वाळू मात्र देऊ नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. वास उग्र, सडक्या अंड्यासारखा येतो. हातमोजे घाला, बंद गॅरेजमध्ये हे करू नका, इतर कोणत्याही ॲसिडमध्ये किंवा क्लीनरमध्ये मिसळू नका. दाट ठिपके असतील तर दुसरा हात द्या.

4. क्ले बार. विरघळून न निघालेलं डांबर, झाडाचा चीक, उरलेले कण यांच्यासाठी. चिकणमातीसारखी वडी चपटी करा, पत्रा शॅम्पूच्या पाण्याने सतत ओला ठेवा आणि जोर न लावता सरळ रेषेत फिरवा. वडी मळली की आतली बाजू बाहेर काढा. जमिनीवर पडलेली वडी फेकून द्या. तिला चिकटलेला रेतीचा एक दाणा सगळ्या दारावर रेघा ओढेल. हे वर्षातून एकदाच करा, कारण क्ले बारही थोडं घासतोच.

5. पॉलिश, लागलं तरच. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसत असतील आणि त्या तुम्हाला सलत असतील, तरच. घरी करायचं झालं तर हाताने, अगदी बारीक दर्जाचं पॉलिश घेऊन, आधी हातभर जागेवर करून बघा. डब्यावर "क्लीनर वॅक्स" लिहिलेलं असेल तर त्यातही घासणारे कण असतात, हे ध्यानात ठेवा.

6. सीलंट. गाडी पूर्ण कोरडी करा. दारांच्या फटी, आरशांमागचं पाणीही टिपा. पॅडवर बोटाच्या पेराएवढं सीलंट घ्या, ते एका दाराला पुरतं. थर इतका पातळ हवा की तिरकं पाहिल्यावरच धूसर दिसावा. जाड थोपल्याने संरक्षण वाढत नाही, पुसताना दमछाक होते आणि पट्टे राहतात. धूसर झाल्यावर बोट फिरवून बघा: बोटाखाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसायची वेळ झाली, चिकट फराटा उमटला तर अजून थांबा. आपल्याकडे दमट हवेत हे थांबणं बाटलीवरच्या वेळेपेक्षा जास्त होऊ शकतं. स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, फडकं बदलून पुन्हा एकदा हलकं फिरवा.

7. मुरू देणं. त्यानंतर 12 ते 24 तास पाणी लागू देऊ नका. हौसेने वर कार्नौबा वॅक्स चढवायचं असेल तर ते यानंतर. क्रम उलटा झाला, म्हणजे वॅक्सवर सीलंट गेलं, तर सीलंट धरत नाही.

इथे लावू नका

- मॅट रंगावर वॅक्स, सीलंट किंवा पॉलिश काहीच नको. चकाकीचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. त्यासाठीचं वेगळं सामान मिळतं.
- काळ्या खरबरीत प्लास्टिकवर आणि रबरावर पांढरे डाग बसतात. आधी मास्किंग टेप लावा.
- समोरच्या काचेवर नको. पावसात वायपर अडखळतो.
- अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागावर लगेच नको. कारखान्यात रंग 140 अंशांच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजचा रंग त्याहून फार कमी तापमानावर सुकतो आणि त्यातले द्रावक पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतात. रंगाऱ्याला विचारा, एक ते तीन महिने थांबायला सांगतात, ते पाळा. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीला मात्र थांबायची गरज नाही.

लावल्यानंतरचे सहा महिने

रंगाचं सर्वांत जास्त नुकसान करते ती आपल्या सोसायट्यांमधली रोज सकाळी गाडी पुसण्याची पद्धत. एक माणूस, एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीची रेती शेवटच्या गाडीपर्यंत जाते, आणि रात्रभर बसलेली धूळ कोरडीच घासली जाते. जाळीदार रेघा येतात त्या इथूनच. यात त्या कष्टकरी माणसाचा दोष नाही, त्याला पाणी आणि साधनं आपण देत नाही. त्याच्याशी बोला. महिन्याचे पैसे तेवढेच द्या, पण रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा धुवायला सांगा. तुमच्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर फडकी वेगळी द्या आणि इतर दिवशी फक्त काचा पुसायला सांगा. एवढा एक बदल केलात तरी रंगाचं आयुष्य वाढेल.

बाकी सवयी साध्या आहेत:

- पक्ष्याची विष्ठा खरवडू नका. ओला कागदी रुमाल त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या, मग पाणी मारा.
- क्षारांचे ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने निघतात. लगेच साध्या पाण्याने धुवा आणि तिथे पुन्हा सीलंटचा हात द्या, कारण व्हिनेगरने पडदाही उतरतो.
- गावाहून परत आल्यावर बंपरवरचे किडे दुसऱ्या दिवसावर टाकू नका.
- वॉशिंग सेंटरमध्ये रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून "चमक" देऊ करतात, त्याला ठाम नकार द्या. दिवसभर झळाळी दिसते, सीलंट मात्र धुऊन जातं, वर धूळ चिकटते आणि रबर खराब होतं.
- दर दोन महिन्यांनी, धुतल्यावर, पाणी कसं वागतं ते बघा. गोल थेंब होऊन घरंगळलं तर पडदा आहे. चादरीसारखं पसरून थांबलं तर आयर्न रिमूव्हर मारून पुन्हा बघा. कधी कधी पडदा शाबूत असतो, वर घाण बसलेली असते. तरीही पसरलंच, तर नवा हात द्यायची वेळ झाली.

पैसे देण्याआधी विचारा, दिल्यावर जपून ठेवा

गाडीचं बुकिंग करताना "टेफ्लॉनचं पॅकेज घेतल्याशिवाय डिलिव्हरी लवकर मिळणार नाही" असं ऐकू आलं तर गप्प बसू नका. एक वस्तू विकताना दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा ठरते. पॅकेज नको असल्याचं ईमेलने कळवा आणि कोटेशनमधून ती ओळ काढून घ्या. तोंडी बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही.

कोटिंग करून घ्यायचंच ठरलं, तर या गोष्टी कागदावर मागा:

- उत्पादनाचं नेमकं नाव आणि किती थर देणार.
- आधी किती टप्प्यांचं पॉलिश करणार, आणि काम सुरू करण्यापूर्वी व नंतर रंगाच्या जाडीची मोजणी. मोजायचं यंत्र नाही म्हणणाऱ्या दुकानात मशीन पॉलिश करून घेऊ नका.
- लोखंडाचे कण काढणं या कामात धरलं आहे का. इच्छापोर-हजीरा भागातल्या गाडीसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.
- वॉरंटीत काय येतं आणि ती कशाने रद्द होते. पाच वर्षांच्या वॉरंटीत पुष्कळदा दर काही महिन्यांनी त्याच दुकानात पैसे देऊन देखभाल करण्याची अट असते. एक फेरी चुकली की वॉरंटी संपते. त्या फेऱ्यांचा खर्च आधीच मिळवा आणि मग सीलंटशी तुलना करा.

गाडीच्या कंपनीने दिलेली रंगाची वॉरंटीही पुस्तिकेत वाचून घ्या. हवेतून येणारं औद्योगिक प्रदूषण, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांनी झालेलं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं. म्हणजे नारिंगी ठिपक्यांसाठी शोरूमशी भांडून हाती काही लागण्याची शक्यता कमी. भांडण तिथे करा जिथे हक्क आहे: सांगितलेलं काम केलं नाही, पॉलिश करताना रंग जाळला, बिल दिलं नाही. मागूनही बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे.

तक्रारीची वाट अशी. गाडी ताब्यात घेताना उजेडात फोटो काढा. दोष दिसला तर दुकानाला लेखी कळवा आणि मुदत द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर फोन करा; मराठीतही बोलता येतं. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. गाडी नाशिकला किंवा धुळ्याला घेतली असेल आणि तुम्ही इच्छापोरला राहत असाल, तर सुरतच्या आयोगात दाद मागता येते.

हे सगळं वाचून लगेच काही विकत घ्यायला जाऊ नका. येत्या रविवारी गाडी धुवा, हातात प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून एकदा हात फिरवा. खरखर लागली तर पहिली खरेदी आयर्न रिमूव्हरची करा, सीलंट त्यानंतर.